भाकरीची उतरती रेघ

बारावीच्या इंग्रजीला आकृतीवरून परिच्छेद लिहायचा एक प्रश्न मी शिकवतो. कधी भाग पाडलेली चकती असते, कधी उभे खांब, कधी वरखाली जाणारी रेघ. विषयही बहुतेक ठरलेले: एखादं कुटुंब कशाकशावर खर्च करतं, लोक काय खातात, घरी किती वेळा जेवतात आणि बाहेर किती वेळा. मुरुडजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात मी हे बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहीत आलो: जे दिसतं ते लिहा, कारण लिहू नका. मुलांचा हात कारणाकडे आपोआप वळतो. मासळीवरचा खर्च कमी झाला असं दिसलं की ती लिहितात, मासळी महागली म्हणून लोक खाईनासे झाले. तिथे मी लाल रेघ मारायचो. महागली हे तुला कुणी सांगितलं? आकृतीत आहे का? नाही ना? मग रेघ कधीपासून उतरली आणि किती उतरली, तेवढंच लिही. का उतरली हे शोधणं आपलं काम नाही.

माझी आई माघात गेली. त्याला आता चार महिने होत आले. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हेच वाक्य आधी समोर येतं, म्हणून सुरुवात त्यानेच केली.

वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो. मी लग्न केलं नाही. माझी मोठी बहीण खाडीपलीकडे, दिघीच्या पुढे एका गावात दिलेली आहे. त्यांची भातशेती आहे. आमच्याकडे बायका पुरुषांच्या मागून जेवतात. घरात माणसं दोनच उरली तरी आईने ती पद्धत सोडली नाही. मी पाटावर बसायचो, डाव्या हाताला पुस्तक उघडं ठेवायचो, आणि ती तव्यावरून एकेक भाकरी आणून वाढायची. एकदोनदा मी म्हटलंही, "बस की तू पण." ती म्हणायची, "तुजं होऊं दे. मला अजून दोन टाकायच्या हायेत." मी पान उलटायचो. माझं जेवण उरकलं की मी बाहेरच्या खोलीत जायचो आणि मग ती चुलीच्या कट्ट्याजवळ ताट घेऊन बसायची. त्या ताटात काय असायचं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या कुठल्याच पुरुषाने आपल्या आईचं ताट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पण इथे मी माझ्याबद्दल लिहितो आहे.

गेल्या जूनमध्ये वर्गात सरावाला एक चकती घेतली. कुठल्या तरी परक्या शहरातल्या कुटुंबाचा जेवणाखाण्याचा खर्च होता. दूध, मांस, फळं, हॉटेल, आणि मासळीला नखाएवढी फट. कोळीवाड्यातली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, एवढ्या मासळीत आमच्या मांजरीचं पण भागायचं न्हाय." वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "तुमची मांजर तुमच्या घरात सगळ्यांत जाडी हाय, म्हणून." मीही हसलो, आणि मला वाटलं, खरंच, ही आकृती ह्यांची नाही. ह्यांच्याच घरांची काढली तर?

म्हणून ठरवलं. ज्याला जमेल त्याने घरातल्या एका मोठ्या माणसाचं रोजचं खाणं टिपून आणायचं. शब्द नकोत, खुणा करायच्या. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. बहुतेक मुलांचा उत्साह पंधरा दिवसांत संपला. शेवटी पाचसहा घरं उरली, त्यांतलं एक माझं. नमुना म्हणून मी आईला सांगितलं होतं.

ती चौथीपर्यंत शिकलेली. लिहायला लाजायची, पण हे तिला आवडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि चौकोनात ती रोज खुणा करू लागली. भाकरीला काळा ठिपका, मासळीला फुली, पेजेला उभी रेघ, चहाला गोल. शेजारच्या काकू आल्या तर त्यांनाही दाखवायची. "शाळेचं काम हाय," म्हणायची. "खोटं लिवून चालायचं न्हाय."

जुलैच्या सुरुवातीला एकदा मी तपासायच्या वह्या घेऊन बसलो होतो तेव्हा तिने विचारलं, "अर्धी भाकरी खाल्ली तर काय काढायचं?"

मी खूश झालो. हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी म्हटलं, "पोकळ ठिपका काढ. आतून रंगवू नकोस."

"आणि त्याच्याहून कमी आसली तर?"

"तेवढ्याचं काय काढायचं? सोडून दे ते."

"बरं," ती म्हणाली आणि कॅलेंडरकडे वळली.

हे संभाषण मी आता इतक्या वेळा आठवलं आहे की त्यात माझी काही भर पडली असेल का, अशी शंका येते. पण "सोडून दे" हे शब्द माझेच आहेत. त्यांबद्दल शंका नाही.

सप्टेंबर संपल्यावर मी खुणा मोजल्या आणि मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी रेघा काढल्या. सगळ्या घरांच्या रेघांमध्ये मासळी जून-जुलैत खाली होती, होड्या बंद असतात म्हणून. नारळी पौर्णिमेनंतर ती चढली. आईच्या रेघेत मासळी चढली नाही. भाकरीची रेघ जूनमध्ये दिवसाला दोनवर होती. जुलैत दीड, मग एक. ऑगस्टमध्ये मध्येच चार दिवस पुन्हा दोनवर गेली आणि तिथून जी घसरली ती सप्टेंबरच्या शेवटी जवळजवळ तळाला टेकली. पेजेची रेघ तेवढीच वर येत गेली होती. दोन्ही रेघा ऑगस्टच्या शेवटी एकमेकींना छेदत होत्या. आकृती म्हणून फार सुंदर होती. परीक्षेत इतकी स्वच्छ आकृती सहसा येत नाही.

मी तिच्यावर मथळा लिहिला: एका व्यक्तीचा चार महिन्यांतील आहार. कुणाचा ते सांगितलं नाही. फळ्याशेजारी टांगली आणि मुलांना वर्णन लिहायला लावलं. कोळीवाड्यातली तीच मुलगी बराच वेळ काही न लिहिता कागदाकडे बघत राहिली.

"काय गं, पेन संपलं?"

"सर, ह्या माणसाला गिळताना दुखतंय का?"

"असं का वाटलं?"

"आमच्या आजोबांना असंच झालेलं. आधी भाकर बंद, मग भात बंद, मग नुसती पेज."

"ते आकृतीत आहे का?"

तिने पेन उचललं. बाकावरचा एक जण म्हणाला, "डॉक्टरीण झाली बघा सर, आता फी मागेल." वर्ग हसला. मी म्हटलं, "कारण लिहिलंस तर मार्क जातील," आणि पुढच्या बाकाकडे गेलो. तिने मग नियमाप्रमाणे परिच्छेद लिहिला. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

मी मुद्दाम डोळे मिटले होते असं म्हणता येणार नाही. त्या संध्याकाळी घरी येताना मुलीचा प्रश्न माझ्या मनात होता. घरी आलो तर आई अंगणात सुकट निवडत बसली होती, तोंडाने काही गुणगुणत. मी विचारलं, "बरं आहे ना तुला?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मला तेवढंच हवं होतं. मी चहा घेतला.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी तिला पाणीही जाईना. घोट घेतला की छातीवर हात दाबून ती बसून राहायची आणि मग ते पाणी वर यायचं. मी तिला एसटीने अलिबागला घेऊन गेलो. डॉक्टरांकडे गर्दी होती. आमच्या आधी एक माणूस आपल्या वडिलांना घेऊन आत गेला होता, आणि दार नीट लागलं नसल्यामुळे डॉक्टरांचा आवाज बाहेर येत होता. "सहा महिने? सहा महिने तुम्ही काय करत होतात? रोज एका घरात जेवता ना?" तो माणूस बाहेर आला तेव्हा त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. कपड्यांवरून मजुरी करणारा वाटत होता.

मग आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी आईला तपासलं, मी काय करतो ते विचारलं. प्राध्यापक म्हटल्यावर जरा सावरून बसले. मग विचारलं, "घट्ट अन्न कधीपासून जात नाही यांना?"

ह्या प्रश्नाचं उत्तर जगात सगळ्यांत नेमकं माझ्याकडे होतं. महिना, आठवडा, एक की अर्धी भाकरी, सगळं. मी म्हणालो, "असतील पंधरा-वीस दिवस."

आई माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, "हो का आजी?"

"व्हय," ती म्हणाली. "तेवढंच."

आपला मुलगा खोटं का बोलतो आहे हे तिला त्याच क्षणी कळलं असणार. तिने मला त्या खोलीत उघडं पडू दिलं नाही. परतीच्या एसटीत तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पुढेही कधी नाही. अन्ननलिकेचं दुखणं निघालं. पुढचे तीन महिने कसे गेले ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी घरात असं पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे.

बाराव्याला माझी बहीण येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगत होती. "कायच कळलं न्हाय हो. पंधरा-वीस दिसांत घास बंद झाला. आणि नेमकी मी तेव्हाच न्हवते. कोजागिरीला येणार होते, भातकापणी निघाली. मी आले असते तर तिसऱ्या घासाला ओळखलं असतं." बायका म्हणायच्या, तुझा काय दोष. ती म्हणायची, "माजाच. आणि कुणाचा?"

मी पाहुण्यांना पाणी देत होतो. माझ्या खोट्याने आजाराची सुरुवात अगदी तिच्या गैरहजेरीत नेऊन ठेवली होती. तिथे बोलायला हवं होतं. मी तांब्या भरायला आत गेलो.

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं की ती कोजागिरीवर यायची. तिच्या नवऱ्याने मला एकदा वेगळं सांगितलं की ती धड जेवत नाही. तेव्हा मी कपाटावरून आईच्या रेघांचा तो गुंडाळलेला कागद काढला आणि आगरदांड्याला जाऊन बोटीत बसलो. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. काय बोलायचं ते मी बोटीत इंग्रजीत जुळवत होतो हे माझ्या लक्षात आलं, आणि मला स्वतःचा राग आला.

दुपारची वेळ होती. भावोजी कामावर गेले होते. ती पडवीत कैऱ्या चिरत बसली होती. "फोन न करता आलास? काय झालं?"

"एक दाखवायचंय."

कागद जमिनीवर पसरला. तो सारखा गुंडाळत होता, म्हणून तिने दोन कोपऱ्यांवर कैऱ्या ठेवल्या. ती दहावीला राहिली होती. अशा आकृत्या तिने कधी वाचल्या नव्हत्या. मी समजावून सांगितलं. ही काळी रेघ भाकरीची. इकडून तिकडे महिने. वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी.

"कुणाची भाकरी?"

"आईची."

तिने विळी बाजूला सरकवली. मग तिने बोट रेघेवर ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं.

"हे तुला कधीपासून ठाऊक?"

"सप्टेंबरपासून कागदावर होतं. डॉक्टरांना मी पंधरा-वीस दिवस सांगितलं ते खोटं होतं. तू कोजागिरीला आली असतीस तरी उशीरच झाला होता. तुझं काही चुकलं नाही, एवढंच सांगायला आलो."

"खोटं का बोललास?"

"लाज वाटली."

"कुणाची? त्या डॉक्टरची?"

मी मान हलवली. तिचं बोट मागे आलं आणि मध्येच उंच झालेल्या जागी थांबलं. "हे काय? इथं वर का गेली?"

"ऑगस्ट. चार दिवस."

"तारीख सांग."

सांगायची गरज नव्हती. नारळी पौर्णिमा होती. ती राखी बांधायला आली होती आणि चार दिवस राहिली होती. मी वर्गात त्या चार दिवसांना 'तात्पुरती वाढ' म्हटलं होतं. तिथे माझी बहीण होती, हे मला तिच्या पडवीत बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

"मी म्हटलं, आई वाळलीस गं," ती म्हणाली. "मी रोज शेजारी बसवून वाढलं तिला. दोन दोन भाकऱ्या. नको नको म्हणत होती. मी म्हटलं, नखरे नको करू, खा. तिनं पाण्यासंगती ढकलल्या. मला वाटलं, माझ्या हातच्या म्हणून खाल्ल्या." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिसऱ्या घासाला ओळखणार होते मी."

मी तिला मोकळं करायला गेलो होतो. तिला कोजागिरीपासून सोडवलं आणि श्रावणात नेऊन बांधलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तू मुद्दाम केलं नाहीस."

"आणि तू?" तिने विचारलं. "तू मुद्दाम केलंस?"

मी कोपऱ्यांवरच्या कैऱ्या उचलल्या. तिने कागद स्वतः गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "एक काम कर," ती म्हणाली. "त्या डॉक्टरकडं जा. खरं काय ते सांग. आणि विचार, श्रावणात नेली असती तर काय झालं असतं. तो काय म्हणेल ते जसंच्या तसं मला सांगायचं. तुझ्या मनानं कमीजास्त करायचं न्हाय."

"विचारून आता काय मिळणार?"

"तुला नसंल मिळायचं. मला पाहिजे."

परतीच्या बोटीत मला हलकं वाटत होतं. हे लिहायला नको वाटतं, पण होतं तसंच. इतके महिने छातीवर असलेलं मी तिच्या पडवीत ठेवून आलो होतो. बोटीवर एक माणूस भाजलेले शेंगदाणे विकत होता, ते मी घेतले आणि खाल्ले, आणि अर्धी पुडी संपल्यावर ती कैऱ्या चिरायला परत बसली असेल का, हा विचार आला. उरलेले मी खिशात ठेवले.

डॉक्टरांकडे मी पुढच्या सोमवारी गेलो. नंबर लावला, इतरांसारखा बाकावर बसलो. आत गेल्यावर आईचं नाव सांगितलं. त्यांना लगेच आठवलं नाही, मग आठवलं. मी म्हणालो, "तुम्ही कधीपासून असं विचारलं होतं, तेव्हा मी चुकीचं सांगितलं. जुलैपासून त्रास होता. माझ्याकडे टिपलेलं होतं." मी कागद दाखवू लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"आता कशाला सांगताय, सर?"

"बहिणीला विचारायचंय. ऑगस्टमध्ये आणलं असतं तर फरक पडला असता का?"

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण फरक पडला असता. किती, ते नाही सांगता येणार. निदान शेवटी इतकं सोसावं लागलं नसतं कदाचित." मग थांबून म्हणाले, "तुम्ही नोव्हेंबरात खरं सांगितलं असतंत तरी मी तेच उपचार केले असते. एवढं बहिणीला सांगा."

मी बाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकाशी एक नारळवाला होता, त्याच्या गाडीच्या सावलीत उभा राहिलो आणि बहिणीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. डॉक्टरांचं पहिलं वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं. दुसरं सांगितलं. किती ते सांगता येणार नाही, हेही सांगितलं. सोसण्याबद्दलचं वाक्य मी अर्ध्यावर सोडलं, तेव्हा ती म्हणाली, "पुढं बोल." मी ते पुरं केलं. नोव्हेंबरबद्दलचं, म्हणजे मला थोडं सोडवणारं वाक्य, मी शेवटी सांगितलं आणि सांगताना ते मी आधी सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. नारळवाला गिऱ्हाइकाला मलई काढून देत होता. मला वाटलं, फोन कट झाला असेल.

"ठेवू का मग?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "ठेवू नको."

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.